फ्रीबीएसडी सर्व्हरचा कर्नेल नव्याने बिल्ड करण्याआधीची तयारी, कोकणातल्या लोकांसाठी

रत्नागिरी-सिंधुदुर्गात छोट्या ऑफिसांचे, पतसंस्थांचे, काजू-आंब्याच्या व्यापाऱ्यांचे सर्व्हर सांभाळणारी बरीच पोरं आता फ्रीबीएसडी ही युनिक्ससारखी फुकट ऑपरेटिंग सिस्टिम वापरायला लागलीयेत आणि याचा मला मनापासून आनंद आहे. पण कर्नेल, म्हणजे सिस्टिमचा हार्डवेअर चालवणारा गाभा, सोर्स कोडपासून बिल्ड करायची वेळ आली की सगळ्यांचा प्रश्न एकच असतो, "कमांड कुठली मारू?" कमांड दोनच आहेत हो, त्या कुठेही मिळतील. खरं काम त्याच्या आधीचं आहे, कारण इंटरनेटवरचे बहुतेक लेख असं धरून चालतात की सर्व्हर डेटा सेंटरमध्ये आहे, लाईट कधी जात नाही आणि मशीन अडकलं तर दुसऱ्या शहरातून त्याचा स्क्रीन बघता येतो. आपल्याकडे सर्व्हर कुडाळात टेबलाखाली, तुम्ही रत्नागिरीत, आणि मधे चार तासांचा रस्ता. म्हणून माझं म्हणणं एवढंच की नवा कर्नेल बनवायच्या आधी जुन्यावर परत यायची वाट तयार करा आणि ती वाट एकदा स्वतः चालून बघा, मगच बिल्डला हात घाला.

कमांड आणि फाईलची नावं मी बोलतो तशी देवनागरीत लिहितोय, टाइप करताना नेहमीचं इंग्रजी स्पेलिंग वापरा. कॅपिटल अक्षरं लागतील तिथे वेगळं सांगेन.

१. खरंच बिल्ड करायला हवा का ते आधी ठरवा

निम्म्या वेळा उत्तर 'नको' असंच येतं. फ्रीबीएसडीच्या तयार कर्नेलला जेनेरिक म्हणतात, त्यात नेहमीची बहुतेक हार्डवेअर चालतात, आणि जे नाही ते मॉड्यूल (कर्नेलला वेगळा जोडता येणारा तुकडा) म्हणून 'केएलडीलोड' ने चालू सिस्टिममध्येच घालता येतं. आधी 'केएलडीस्टॅट' मारून काय काय लोड झालंय बघा, मग /बूट/कर्नेल या फोल्डरमध्ये हवं ते मॉड्यूल आधीच पडलंय का शोधा. "कर्नेल छोटा केला की सर्व्हर फास्ट होतो" हे अजून लोक सांगतात, ते मेगाबाइट मोजून रॅम घ्यायच्या काळातलं आहे, आज त्यासाठी बिल्ड करू नका.

मग करायचा कधी? काही गोष्टी मॉड्यूलने होत नाहीत तेव्हा. सगळ्यात जास्त वेळा समोर येणारं उदाहरण घेतो, पुढेही तेच वापरेन. तारकर्लीचं एखादं होमस्टे धरा, एकच इंटरनेट लाईन, फ्रीबीएसडीचं मशीन गेटवे म्हणून बसवलंय, पीएफ फायरवॉल चालू आहे. पाहुणे संध्याकाळी समुद्रावरून आले की सगळे एकदम व्हिडिओ अपलोड करतात आणि काउंटरवरचं बुकिंग आणि कार्ड मशीन गपगार. इथे पीएफबरोबर ऑल्टक्यू वापरून लाईनचे वाटे करता येतात, पण ऑल्टक्यू मॉड्यूल म्हणून मिळत नाही, त्याचे ऑप्शन कर्नेलमध्येच बिल्ड करावे लागतात. तरीसुद्धा आधी डमीनेट (लाईनचा वेग वाटून देणारी दुसरी सोय) बघा, ते मॉड्यूल आहे, त्याने भागलं तर हा लेख इथेच बंद करा आणि सुखाने झोपा.

अजून एक गोष्ट मालकाला आधीच सांगून ठेवा. स्वतःचा कर्नेल लावला की सिक्युरिटी पॅचची जबाबदारी तुमची होते. 'फ्रीबीएसडी-अपडेट' तुमचा कर्नेल आपोआप बदलून देत नाही, प्रत्येक वेळी सोर्स अपडेट करून पुन्हा बिल्ड करावा लागतो. हे दरवेळी करायची तयारी नसेल तर सुरूच करू नका, पॅच न झालेला कर्नेल गेटवेवर ठेवणं हे हळू इंटरनेटपेक्षा कितीतरी वाईट.

२. दिवस कुठला धरायचा

पावसात नको. जूनच्या पहिल्या आठवड्यानंतर लाईटचा भरवसा राहत नाही, वारा सुटला की तारांवर फांदी पडते आणि किती वेळ जाईल ते कोणी सांगू शकत नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोली भागात कितीतरी दिवस लाईट नव्हती. गणपतीत तर नकोच, कारण अडकलात तर मदतीला माणूस मिळणार नाही. शिमग्यात पालखी गावात असेल तेव्हाही तेच. आंबावाल्याचा सर्व्हर असेल तर मार्च ते मे त्याला हात लावायचा नाही, पतसंस्थेचा असेल तर ३१ मार्चच्या आसपास नाही, होमस्टेचा असेल तर दिवाळी, नाताळ आणि मे महिना सोडा.

राहिलं काय? नोव्हेंबरचा मधला भाग आणि जानेवारी-फेब्रुवारी. हवा कोरडी, लाईट बरी, माणसं जागेवर. त्यातही तुमच्या भागात आठवड्यातून ज्या वारी लाईनच्या मेंटेनन्ससाठी लाईट जाते तो वार टाळा. आणि सकाळी सुरू करा. रात्री काम बंद असतं म्हणून रात्री करायचा मोह होतो, पण रात्री अकराला सर्व्हरजवळ जाऊन बटण दाबणारं कोणी नसतं.

३. हाताशी काय काय हवं

- सर्व्हरला लावता येईल असा मॉनिटर आणि यूएसबी कीबोर्ड, दोन्ही आधी लावून बघितलेले. खाऱ्या हवेने व्हीजीएच्या पिनांवर हिरवट थर चढतो आणि ऐनवेळी स्क्रीन काळाच राहतो.
- त्याच व्हर्जनच्या फ्रीबीएसडीची मेमस्टिक इमेज (पेनड्राइव्हवरून बूट होणारा इन्स्टॉलर) भरलेला पेनड्राइव्ह. त्यावरून तोच सर्व्हर एकदा बूट करून शेलपर्यंत पोचून बघायचं.
- यूपीएस. बिल्डच्या आदल्या दिवशी भिंतीतला प्लग काढून खरंच किती मिनिटं टिकतो ते बघा, वरचा हिरवा दिवा बघून विश्वास ठेवू नका.
- बॅकअपसाठी बाहेरची डिस्क, शिवाय दुसऱ्या गावात एक कॉपी.
- सर्व्हरजवळ असणारा एक माणूस आणि त्याचा चालू फोन. जिथे मोबाईलची रेंज फक्त अंगणात येते तिथे लँडलाईन किंवा वायफाय कॉलिंग.
- रूटचा पासवर्ड, कागदावर. सिंगल यूजरमध्ये (दुरुस्तीसाठीच्या, फक्त रूटच्या मोडमध्ये) तो मागितला जाऊ शकतो आणि सगळे वर्षानुवर्षं एसएसएच-की वापरून लॉगिन करत असतात, त्यामुळे तो कोणालाच आठवत नाही.
- मोकळी जागा. 'डीएफ -एच' मारून बघा, /यूएसआर मध्ये १० जीबी तरी रिकामी असू द्या. रूट पार्टिशन वेगळं आणि जुन्या पद्धतीचं छोटं असेल तर तिथेही बघा, कारण दोन-तीन कर्नेल एकाच वेळी तिथे राहणार आहेत.

४. आहे त्याच कर्नेलवर एकदा रिबूट करा

ही पायरी सगळे गाळतात आणि माझ्या मते हीच सगळ्यात मोलाची आहे. 'अपटाइम' मारला की कळतं सर्व्हर वर्षभर बंदच झालेला नाही. एवढ्या काळात कोणीतरी हाताने एखादी सर्व्हिस चालू केलीय जी आरसी.कॉन्फ या बूटच्या सेटिंगच्या फाईलमध्ये लिहिलेलीच नाही, कोणीतरी एफएसटॅबमध्ये (बूटला माउंट करायच्या डिस्कच्या यादीत) एक ओळ घातलीय आणि ती डिस्क नंतर काढून नेली, बायोसची बॅटरी संपलीय त्यामुळे बूट ऑर्डर विसरली जाणार आहे. नवा कर्नेल टाकून पहिल्यांदा रिबूट केलंत तर ही सगळी दुखणी एकदम वर येतात आणि तुम्ही दोष कर्नेलला देत बसता.

म्हणून काहीही न बदलता एकदा रिबूट करा, शक्यतो मशीनच्या समोर बसून. वर आलं की /व्हार/रन/डीमेसग.बूट ही फाईल कॉपी करून ठेवा, उद्या नव्या कर्नेलची तीच फाईल हिच्याशी 'डिफ' करून बघायचीय. बरोबर 'पीसीआयकॉन्फ -एलव्ही', 'केएलडीस्टॅट', 'आयएफकॉन्फिग', 'माउंट' यांचं आउटपुट पण एका फोल्डरमध्ये ठेवा. स्मार्टमॉनटूल्स टाकलेलं असेल तर 'स्मार्टसीटीएल -ए' ने डिस्क बघून घ्या. पेंडिंग सेक्टर दिसत असतील तर आधी डिस्क बदला, कर्नेल नंतर.

याच रिबूटच्या वेळी लोडरचा (कर्नेल सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामचा) मेन्यू नीट बघून घ्या. १० सेकंदांची उलटी मोजणी चालू असते, मधेच स्पेस दाबली की थांबते. दोन नंबर दाबला की सिंगल यूजर, तीन दाबला की लोडरचा प्रॉम्प्ट, आणि खाली 'कर्नेल' असं लिहिलेली एक ओळ असते, तिच्यासमोरचा आकडा दाबत गेलं की एकामागून एक कर्नेल बदलतात. कोणीतरी हौसेने /बूट/लोडर.कॉन्फ मध्ये ऑटोबूट-डिले (मधे अंडरस्कोअर) कमी करून ठेवलेला असेल तर परत १० करा.

५. बॅकअप घ्या आणि तो उघडून बघा

डिस्कवर झेडएफएस ही फाईलसिस्टिम असेल तर 'झेडएफएस स्नॅपशॉट -आर' ने पूर्ण पूलचा स्नॅपशॉट, आणि 'झेडएफएस सेंड' ने तो बाहेरच्या डिस्कवर. त्याच डिस्कवरचा स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे. यूएफएस ही दुसरी फाईलसिस्टिम असेल तर 'डंप' वापरा. डेटाबेसचा बॅकअप वेगळा, त्याच्या स्वतःच्या टूलने. /ईटीसी, /यूएसआर/लोकल/ईटीसी आणि /बूट/लोडर.कॉन्फ यांची एक टार फाईल करून स्वतःच्या लॅपटॉपवर पण ठेवा, आणि 'जीपार्ट बॅकअप' चं आउटपुट सुद्धा, पार्टिशन टेबल उडालं तर ते चार ओळींचं टेक्स्ट सोन्यासारखं वाटतं.

मग त्यातून एक फाईल खरोखर परत काढून बघा. कुठलीही, पण काढून बघा. आणि बाहेरची डिस्क त्याच खोलीतल्या ड्रॉवरमध्ये ठेवू नका. २२ जुलै २०२१ ला चिपळूणला वाशिष्ठीचं पाणी शिरलं तेव्हा तळमजल्यावरचं सगळंच पाण्याखाली गेलं, टेबलावरचंही आणि ड्रॉवरमधलंही.

६. चालता कर्नेल स्वतःच्या हाताने बाजूला ठेवा

इथे नवीन लोकांची सगळ्यात जास्त फसगत होते. सगळीकडे लिहिलेलं असतं की इन्स्टॉल करताना जुना कर्नेल आपोआप /बूट/कर्नेल.ओल्ड मध्ये जातो, त्यामुळे लोक निर्धास्त असतात. अर्धंच खरं आहे ते. त्या वेळी जो कर्नेल चालू आहे, तो ज्या फोल्डरमधला असेल तेच फोल्डर ओल्ड म्हणून जपलं जातं. आता बघा काय होतं. तुम्ही नवा कर्नेल टाकला, रिबूट केलात, मशीन वर आलं पण एक गोष्ट नीट चालत नाही. कॉन्फिग दुरुस्त केलीत, पुन्हा बिल्ड, पुन्हा इन्स्टॉल. या वेळी ओल्डमध्ये गेला तो तुमचा पहिला अर्धवट कर्नेल, आणि वर्षभर बिनतक्रार चाललेला जेनेरिक पुसला गेला. दुसरा प्रकार त्याहून वाईट. तुम्ही तिसऱ्याच फोल्डरमधून कर्नेल बूट केलाय आणि तशात /बूट/कर्नेल मध्ये इन्स्टॉल मारलंत, तर तिथला कर्नेल ओल्डमध्ये न जाता सरळ काढून टाकला जातो.

उपाय एका ओळीचा आहे: 'सीपी -आरपी /बूट/कर्नेल /बूट/कर्नेल.गुड', यात आर कॅपिटल, पी स्मॉल. गुड या नावाला सिस्टिममधलं काहीच हात लावत नाही. आणि मग नुसता ठेवून गप्प बसू नका, त्यावरून एकदा बूट करून बघा. मेन्यूत तीन दाबा, प्रॉम्प्टवर 'अनलोड', मग 'बूट कर्नेल.गुड'. वर आल्यावर 'सिस्कटल कर्न.बूटफाईल' मारा, तिथे गुडचा पाथ दिसला की तुमची परतीची वाट तयार. मग नेहमीसारखं रिबूट करून परत मूळ कर्नेलवर या.

झेडएफएसवाल्यांचं काम आणखी सोपं. १२.० पासून 'बीईसीटीएल' सिस्टिममध्येच येतं. 'बीईसीटीएल क्रिएट' आणि एक नाव दिलं की पूर्ण रूटचं बूट एन्व्हायर्नमेंट (बूट करता येईल अशी सिस्टिमची प्रत) तयार, लोडरच्या मेन्यूतून ते निवडता येतं. तरी मी कर्नेल.गुड पण ठेवतोच, जागा किती लागते.

७. सोर्स कुठला घ्यायचा

'फ्रीबीएसडी-व्हर्जन -केआरयू' मारा. तीन ओळी येतील: डिस्कवरचा कर्नेल, चालू कर्नेल, यूजरलँड (कर्नेल सोडून बाकीची सिस्टिम). पहिल्या दोन एकच असायला हव्यात, नसतील तर आधी अपडेट आणि रिबूट पूर्ण करा; यूजरलँडचा नुसता पॅच नंबर पुढे असेल तर चालतं, काही पॅच कर्नेलला हात लावत नाहीत. मग त्याच व्हर्जनची रिलेन्ग (रिलीज झालेल्या व्हर्जनच्या सोर्सची) शाखा गिटने /यूएसआर/एसआरसी मध्ये घ्या, म्हणजे सर्व्हर १४.३ वर असेल तर रिलेन्ग/१४.३. स्टेबल किंवा मेन शाखा उचलू नका, "नवीन तर आहे" म्हणून तर अजिबात नको. तुम्हाला एक ऑप्शन बदलायचाय, त्याच्याबरोबर शंभर दुसरे बदल कशाला आत घ्यायचे? इंटरनेट मंद असेल तर गिट क्लोनला 'डेप्थ १' द्या, जुना इतिहास उतरत नाही आणि बराच डेटा वाचतो. /यूएसआर/एसआरसी मधली अपडेटिंग (कॅपिटलमध्ये) नावाची फाईल वरून दोन पानं तरी वाचा.

ग्राफिक्सचे किंवा इतर केमॉड (कर्नेल मॉड्यूल) प्रकारचे पॅकेज टाकलेले असतील तर ते कर्नेलशी जुळावे लागतात हेही आत्ताच लिहून ठेवा. गेटवेवर सहसा ते नसतात.

८. कॉन्फिग फाईल

जुने लेख सांगतात की जेनेरिकची कॉपी करा आणि नको त्या ओळी काढत जा. मी स्पष्ट सांगतो, ओळी काढत बसू नका. नेटवर्क कार्डाच्या ड्रायव्हरला एमआयआयबस ही वेगळी ओळ लागते, यूएसबी कीबोर्डला यूएसबीच्या तीन-चार ओळी लागतात, आणि हे अवलंबून असणं प्रत्येक वेळी बिल्डमध्ये एरर देऊन कळेलच असं नाही. कधी बिल्ड गुपचूप पूर्ण होतं आणि बूट झाल्यावर कीबोर्डच मेलेला.

त्याऐवजी छोटी फाईल करा. पहिली ओळ 'इन्क्लूड जेनेरिक', जेनेरिक कॅपिटलमध्ये. दुसरी 'आयडेंट' आणि तुमच्या कर्नेलचं नाव, समजा तारकर्ली, तेही कॅपिटल. खाली 'ऑप्शन्स ऑल्टक्यू' आणि तुम्हाला हव्या त्या प्रकाराची एखाद-दुसरी ओळ, जशी ऑल्टक्यू-एचएफएससी (ऑल्टक्यूची ही नावं कॅपिटल, मधे अंडरस्कोअर). झालं. चार-पाच ओळींची फाईल, सहा महिन्यांनी उघडली तरी एका नजरेत कळतं की आपण काय बदललंय, आणि सोर्स अपडेट झाला की जेनेरिकमधले नवे बदल आपोआप येतात. आयडेंटची ओळ विसरू नका, 'यूनेम -आय' मारल्यावर तेच नाव दिसतं आणि पुढे दहाव्या पायरीला आपण त्याच्यावरच विसंबणार आहोत.

ही फाईल /रूट/कर्नेल्स असं फोल्डर करून तिथे ठेवा आणि सोर्समधल्या /सिस/एएमडी६४/कॉन्फ मध्ये तिची सिमलिंक द्या. सोर्सचं फोल्डर कधीतरी पूर्ण उडवून नव्याने घ्यावं लागतं, फाईल आतच असेल तर तिच्याबरोबर जाते.

एक मोठा खड्डा. पीएफऐवजी आयपीएफडब्ल्यू हा दुसरा फायरवॉल वापरत असाल आणि आयपीफायरवॉल (कॅपिटल) हा ऑप्शन कर्नेलमध्ये घातलात, तर त्याचा मूळ नियम 'सगळं अडवा' असा असतो. मशीन छान बूट होतं, सगळ्या सर्व्हिस चालू होतात, आणि नियमांची फाईल लोड झाली नसेल तर एकही पॅकेट आत येत नाही, तुमचं एसएसएचसुद्धा नाही. त्याच्या जोडीला डीफॉल्ट-टू-अ‍ॅक्सेप्टचा ऑप्शन घाला, निदान पहिल्या बूटपुरता तरी.

९. बिल्ड

टीमक्स उघडा आणि त्याच्या आत बिल्ड चालवा, एसएसएच तुटलं तरी काम चालू राहतं. /यूएसआर/एसआरसी मध्ये जाऊन 'मेक -जे४ बिल्डकर्नेल' आणि पुढे केईआरएनसीओएनएफ=तारकर्ली, दोन्ही कॅपिटल. चारच्या जागी तुमच्या प्रोसेसरचे कोअर. रॅम कमी असेल तर आकडा कमी ठेवा. यात चालू कर्नेलला काहीच होत नाही, लाईट गेली तरी पुन्हा मारायचं. चहा-नाश्ता उरकून या. एरर आली तर शेवटची ओळ नाही, वर स्क्रोल करून पहिली एरर बघा.

१०. इन्स्टॉल वेगळ्या फोल्डरमध्ये, आणि बूट एकदाच

नेहमीचं 'मेक इन्स्टॉलकर्नेल' मारलं की नवा कर्नेल कायमचा होतो, म्हणजे तो बिघडलेला असेल तर प्रत्येक रिबूटला तोच येणार. लांबच्या सर्व्हरवर हे करू नका. त्याच कमांडला, केईआरएनसीओएनएफ तसंच ठेवून, केओडीआयआर=/बूट/कर्नेल.टेस्ट जोडा, इथेही बरोबरच्या डाव्या बाजूचं नाव कॅपिटल. नवा कर्नेल आणि त्याचे मॉड्यूल वेगळ्या फोल्डरमध्ये जातात, मूळ फोल्डर जसंच्या तसं. मग 'नेक्स्टबूट -के कर्नेल.टेस्ट' आणि रिबूट. हा कर्नेल फक्त पुढच्या एका बूटला वापरला जातो, त्यानंतरचं कुठलंही रिबूट जुन्यावर. पॅनिक झाला (गंभीर चूक सापडून कर्नेल स्वतःच थांबला) तर फ्रीबीएसडी १५ सेकंद थांबून स्वतःच रिबूट होतो, म्हणजे तुम्ही काहीही न करता जुना कर्नेल परत येतो.

झेडएफएसवर मी हेच काम बूट एन्व्हायर्नमेंटने करतो. नवं एन्व्हायर्नमेंट तयार करा, 'बीईसीटीएल माउंट' ने /एमएनटी वर लावा, इन्स्टॉलकर्नेलला डीईएसटीडीआयआर=/एमएनटी (डावीकडचं नाव कॅपिटल) द्या, अनमाउंट करा, आणि 'बीईसीटीएल अ‍ॅक्टिव्हेट -टी' मारा. टी म्हणजे फक्त पुढच्या एका बूटसाठी.

पॅनिक झाला तर ठीक, पण मशीन वर आलं आणि नेटवर्कच नाही तर? तेव्हा पॅनिक नाही, रिबूट नाही, नुसतं बसून राहणार. त्यासाठी एक छोटा पहारेकरी बसवा. शेल स्क्रिप्ट लिहा: १५ मिनिटं थांब, मग 'यूनेम -आय' बघ, नाव तारकर्ली असेल आणि /रूट/ओके नावाची फाईल नसेल तर रिबूट कर. रूटच्या क्रॉनटॅबमध्ये (आपोआप चालवायच्या कामांच्या यादीत) '@' चिन्हाच्या 'अ‍ॅट-रिबूट' ओळीने ती लावा, आणि शटडाउनचा पूर्ण पाथ द्या, /एसबिन/शटडाउन, कारण क्रॉनचा पाथ तुमच्या शेलसारखा नसतो. नवा कर्नेल आल्यावर लॉगिन झालंत तर 'टच /रूट/ओके' करायचं. लॉगिन झालाच नाहीत तर १५ मिनिटांनी मशीन आपोआप जुन्या कर्नेलवर, आणि तिथे नाव जेनेरिक असल्यामुळे स्क्रिप्ट गप्प बसते, रिबूटचं चक्र लागत नाही. ही स्क्रिप्ट आधी जुन्या कर्नेलवरच तपासा. थांबायचा वेळ १ मिनिट करा, नावाच्या जागी जेनेरिक टाका, शटडाउनऐवजी नुसता लॉगरला मेसेज पाठवा, आणि तो लॉगमध्ये उमटतो का बघा. तपासून झालं की तिन्ही गोष्टी परत बदलायला विसरू नका.

राहिला तो प्रकार म्हणजे कर्नेल अर्ध्यात गोठतो, पॅनिकही नाही आणि क्रॉनपर्यंतही पोचत नाही. तिथे माणूसच लागतो.

११. सर्व्हरजवळच्या माणसाची तयारी

त्याला कंप्युटर यायला हवा असं नाही, पण आदल्या दिवशी त्याच्याबरोबर एकदा रंगीत तालीम करा. मी एक पान मराठीत लिहून, लोडरच्या मेन्यूचा फोटो चिकटवून, लॅमिनेट करून सर्व्हरच्या भिंतीवर लावतो, दमट हवेत साधा कागद महिन्यात मऊ पडतो. पानावर तीनच गोष्टी: बटण किती सेकंद दाबायचं, मेन्यू आला की स्पेस कधी, मग कुठला आकडा.

फोनवर बोलणं असं होतं. मी विचारतो, "काका, स्क्रीनवर काय दिसतंय?" काका सांगतात, "काळो स्क्रीन आसा रे, पांढरी अक्षरां दिसतत." एवढ्यावर काही कळत नाही, म्हणून विचारायचं की अक्षरं वर सरकतायत का थांबलीयेत, आणि सगळ्यात खालच्या ओळीतलं पहिलं अक्षर कुठलं. शक्य असेल तर फोटो मागवा. शेवटच्या ओळीत 'माउंटरूट' असेल तर कर्नेलला रूट डिस्क सापडलेली नाही. तिथे प्रश्नचिन्ह टाइप करून एंटर मारलं की त्याला कुठल्या डिस्क दिसतायत त्याची यादी येते. यादीत तुमची डिस्क वेगळ्या नावाने असेल तर ड्रायव्हर बदललाय, यादी रिकामी असेल तर ड्रायव्हरच नाही. दोन्हीत काकांना पॉवर बंद-चालू करायला सांगा, नेक्स्टबूट संपलेला असल्यामुळे जुना कर्नेल येईल. घाबरून मधेच तीन-चार वेळा बटण दाबू नये हे त्यांना आधीच बजावा, यूएफएसची तपासणी चालू असताना पुन्हा पॉवर गेली तर काम वाढतं.

१२. वर आला, लॉगिन झालं, मग

पहिलं काम 'टच /रूट/ओके'. मग 'यूनेम -आय', डीमेसग जुन्याशी डिफ, आयएफकॉन्फिग, फायरवॉलचे नियम, डिस्क सगळ्या माउंट आहेत का. ऑल्टक्यूसाठी 'पीएफसीटीएल -एस क्यू', त्यात रांगा दिसायला हव्यात, आणि संध्याकाळी पाहुणे आल्यावर काउंटरवरून खरं बिल काढून बघा. आरसी.कॉन्फ मध्ये डंपडेव्ह ऑटो आहे का बघा, नंतर कधी पॅनिक झालाच तर /व्हार/क्रॅश मध्ये पुरावा मिळतो.

या काळात मशीन चुकून रिबूट झालं तर जुना कर्नेल येईल, घाबरायचं कारण नाही, पुन्हा नेक्स्टबूट. दोन-चार दिवस नीट गेले की कायमचं करा, पण आठवतंय ना, कर्नेल.टेस्टवर चालू असताना नेहमीचं इन्स्टॉल मारलंत तर मूळ जेनेरिक पुसला जातो. म्हणून आधी रिबूट करून जुन्या कर्नेलवर या, मग 'मेक इन्स्टॉलकर्नेल', मग परत रिबूट. तरीही /बूट/कर्नेल.गुड आहे ना ते एकदा 'एलएस' करून बघाच. झेडएफएसवर -टी शिवाय अ‍ॅक्टिव्हेट केलं की झालं.

क्रॉनटॅबमधली पहारेकऱ्याची ओळ काढून टाका. कॉन्फिगची फाईल, कुठल्या शाखेवरून बिल्ड केला ते, आणि तारीख, हे सर्व्हरजवळच्या वहीत पेनाने लिहा आणि फाईलची एक कॉपी मालकाच्या मेलवर टाका. पुढचा सिक्युरिटी पॅच आला की सातव्या पायरीपासून परत, आणि तेव्हा गुड फोल्डरमध्ये जुना जेनेरिक तसाच राहू द्या, नव्या चालत्या कर्नेलला वेगळं नाव द्या, गुड२ वगैरे.